ताईचे कपडे धाकट्याला घातले तर बिघडतं कुठे?

पत्र:

मला सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. आम्ही सांगलीत राहतो, घरात सासू-सासरे आहेत. थोरलीचे लहान झालेले कपडे मी दोन पिशव्यांत भरून ठेवले होते. बरेचसे अजून चांगले आहेत, म्हणून धाकट्यासाठी बाहेर काढले. त्यातला पिवळा फुलाफुलांचा शर्ट आणि जांभळी पँट त्याची इतकी लाडकी झाली की धुवायला टाकली तरी रडतो. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. "मुलाला मुलीचे कपडे घालू नयेत, पुढं तीच सवय लागते," असं त्या म्हणतात. यजमान घरात काही बोलत नाहीत, पण बाहेर निघताना गुपचूप त्याचा शर्ट बदलतात. परवा त्यानं ताईचा फ्रॉक घालायचा हट्ट धरला तेव्हा घरात चांगलंच वाजलं. जूनपासून तो बालवाडीत जाईल. मुलीची तक्रार वेगळीच आहे. तिला चिंचोके, खडे, पेन्सिलीचे तुकडे जमवायचा नाद आहे आणि तिच्या एकाही कपड्याला खिसा नाही. शाळेत घसरगुंडीवर फ्रॉक वर जातो म्हणून बाई ओरडतात, त्यामुळे हल्ली ती मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसून राहते. ऑनलाइन "जेंडर न्यूट्रल" म्हणून लहान मुलांचे कपडे मिळतात, पण एका जोडाला अठराशे रुपये पडतात. ते घ्यावेत का? आणि डिसेंबरात दिराचं लग्न आहे. तिथं दोघांना काय घालू?

— एक आई, सांगली

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "हल्ली ती मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसून राहते." घरात वाद चाललाय तो मुलाच्या जांभळ्या पँटवरून, आणि कपड्यांपायी खेळ सुटलाय तो मुलीचा. म्हणून धाकट्याचं आधी उरकते आणि मग तुमच्या लेकीकडे सावकाश वळते.

धाकट्याला ताईचे कपडे खुशाल घाला. शरीराच्या मापाचा प्रश्न म्हणाल तर तो या वयात उद्भवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे आणि मुलीची १०९.४. चार वर्षांच्या मुलाचं वजन १६.३ किलो, मुलीचं १६.१. सहा मिलिमीटरपेक्षा जास्त तर सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आठ-नऊ वर्षांपर्यंत खांदा, छाती, कंबर, मांडी यांची मापं मूल शेलाटं आहे की अंगानं भरलेलं, यावर ठरतात; मुलगा की मुलगी यावर नाही. मुलांच्या शर्टाला बटणं उजव्या बाजूला आणि मुलींच्या डाव्या बाजूला असतात, पण तीन वर्षांच्या बोटांना दोन्हीकडची सारखीच अवघड जातात. पुढं चेन असलेली पँट तर या वयात मुलालाही नको. घाईची लागलेली असताना त्याला चेन उघडता येत नाही आणि कातडी अडकली तर कळवळतो. इलॅस्टिकची, स्वतः खाली ओढता येणारी पँट बरी, आणि तुमच्या त्या दोन पिशव्यांत बहुधा तशाच असतील.

सासूबाईंशी बोलताना "आता काळ बदललाय" असं म्हणू नका. उलट त्यांच्याच काळाबद्दल विचारा. तुमचे यजमान तान्हे असताना त्यांना काय घालायच्या, ती झबली कुणी शिवली होती, कुंची कुणाची होती? झबलं, टोपडं, कुंची, दुपटं यांत मुलाचं आणि मुलीचं असं वेगळं काही नव्हतं. दुपटी आजीच्या विटलेल्या लुगड्याची व्हायची. बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालायचं नाही, घरातल्या मोठ्या भावंडांच्या अंगावर मऊ झालेलं झबलं घालायचं, ही रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत होती. ते झबलं भावाचं की बहिणीचं, हे कुणी विचारत नसे. जुने फोटो निघाले तर तेही पाहा. जावळाची शेंडी बांधलेला, काजळ-तीट लावलेला, झालरीचा फ्रॉक घातलेला एखादा काका किंवा मामा पुष्कळ घरांच्या अल्बममध्ये सापडतो. पुढं संसारी झालेली ही चांगली कर्ती माणसं आहेत, आणि सासूबाई त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

रंगाचं म्हणाल तर दिराच्या लग्नात घरातले पुरुष कदाचित गुलाबी फेटेच बांधतील आणि कुणाला त्यात काही वावगं वाटणार नाही. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलग्यांचा, ही वाटणी आपली नव्हे आणि फार जुनीही नव्हे. अमेरिकेत १९१८ साली मुलांच्या कपड्यांच्या व्यापारावरच्या एका मासिकानं नेमकं उलटं छापलं होतं, गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना. पुढं त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा अडीच वर्षांचे असतानाचा, १८८४ मधला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात ते पांढऱ्या झग्यात बसलेले आहेत, केस खांद्यापर्यंत. त्या काळी तिकडे लहान मुलगे असेच दिसत.

सासूबाईंची खरी भीती मात्र रंगाची नसते आणि ती भीती खोटी ठरवून त्यांचा अपमान करण्यात काही हशील नाही. नातवाला लोक हसतील आणि तो "बायकी" होईल, हे त्यांच्या मनात आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांना निःशंकपणे सांगा की कपड्यानं मुलाचा स्वभाव ठरत नाही आणि मोठेपणी तो कुणावर प्रेम करेल हेही ठरत नाही. तीन वर्षांच्या मुलाला "मी मुलगा" असं म्हणता येतं, पण कपडे बदलले, केस वाढवले तरी आपण मुलगाच राहतो, हे पक्कं उमगायला पाच ते सात वर्षांचं वय यावं लागतं. मानसशास्त्रात यावर १९६० च्या दशकापासून काम झालेलं आहे. आज तुमच्या धाकट्याला फ्रॉक हवाय कारण तो ताईचा आहे, ताई मोठी आहे, ताईला सगळं येतं आणि गिरकी घेतली की तो घेर फुलतो. त्याला घरात, अंगणात घालू द्या. रडवून काढून घेतलात तर त्या फ्रॉकचं महत्त्व दसपट वाढेल.

याच मुलाला पाच-सहा वर्षांचा झाल्यावर "हे मुलींचं आहे" म्हणून तीच जांभळी पँट नकोशी होण्याचा संभव बराच आहे. त्या वयात मुलं याबाबत फार कडक होतात आणि पुढं पुन्हा सैलावतात. तेव्हा तो नको म्हणाला तर त्याच्यावर सक्ती करू नका. आज त्याच्या आवडीचा मान ठेवताय, तसाच तेव्हाही ठेवा.

बालवाडीसाठी माझं मत थोडं वेगळं आहे. सुरुवातीचे काही महिने त्याला टी-शर्ट आणि इलॅस्टिकची अर्धी पँट द्या, रंग त्याला हवा तो. जांभळा असू दे, पिवळा असू दे. फ्रॉक मात्र घरी ठेवा. कारण एवढंच की नव्या जागी, नव्या बाईंसमोर त्याला स्वतःची चड्डी स्वतः सांभाळायची आहे, आणि त्यात घेर आडवा येतो. शिवाय आपलं मत मुलाच्या अंगावर घालून त्याला एकट्याला गर्दीत पाठवू नये, असं मला वाटतं. कुणी हसलंच तर म्हणायला त्याच्यापाशी एक वाक्य हवं: "हा माझ्या ताईचा आहे. मला आवडतो." ते घरी दोन-चार वेळा खेळात म्हणून घ्या.

यजमानांशी मात्र तुम्ही स्पष्ट बोला. दारातून निघताना गुपचूप शर्ट बदलला की तीन वर्षांच्या मुलालाही कळतं की यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे. काय ते मात्र त्याला कळत नाही. त्यांना अवघडल्यासारखं होत असेल तर तसं तुमच्याशी बोलू दे. आणि महिनाभर दोन्ही मुलांचे आंघोळ-कपडे त्यांच्याकडे सोपवा. रोज सकाळी फ्रॉकचा मागचा हुक लावणारा, ओली लेगिंग ओढून काढणारा माणूस कपड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

आता लेक.

मी शिवणवर्ग घेते. नव्यानं येणाऱ्यांना मी आधी एकाच वयाची, एकाच दुकानातली मुलाची आणि मुलीची अर्धी पँट शेजारी शेजारी अंथरून मोजायला सांगते. तुम्हीही टेप घेऊन हे करून बघा. मुलाची पँट गुडघ्याला टेकते, मुलीची मांडीच्या मध्यावर संपते. मुलाच्या पँटला दोन्ही बाजूंना खिसे, बहुतेकदा मागं आणखी एक. मुलीच्या पँटला खिशाच्या जागी नुसती शिवण मारलेली असते. बोट घालायला जावं तर आत पिशवीच नाही. कापड उजेडात धरलं तर मुलीचं पातळ. टी-शर्टांचंही तेच. मुलीच्या शर्टाची बाही आखूड, मुंढा (बाही जोडतात ती जागा) तंग, कमरेत घेतलेला, म्हणजे झाडाच्या फांदीला लोंबकळायचं तर पोट उघडं पडणार. मुंढ्यात तंग असलेला कपडा सहा वर्षांच्या मुलीला दिवसभर काखेत काचतो आणि ती ते सांगतही नाही, कारण कपडा असाच असतो अशी तिची समजूत असते. मोठेपणीही हे सुटत नाही. अमेरिकेतल्या "द पुडिंग" या संकेतस्थळानं २०१८ साली २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी आखूड निघाले.

घसरगुंडीपाशी काय होतं ते एकदा जवळून बघा. शिडी चढताना मुलीचा एक हात कठड्याला आणि दुसरा फ्रॉकच्या घेराला. वर पोचली की बसायच्या आधी घेर मांड्यांखाली दाबायचा. घसरताना तो सुटून वर येतो आणि उघडी मांडी पत्र्याला घासत जाते. मार्चच्या दुपारी सांगलीत तो पत्रा कसा तापलेला असतो ते तुम्हाला माहीत आहे. खाली पाय टेकतात न टेकतात तोच बाईंचा आवाज, "फ्रॉक नीट कर!" तिच्या मागून आलेला मुलगा दोन्ही हात सोडून, ओरडत, पोटावर घसरत येतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. हे आठवडाभर झालं की सहा वर्षांची शहाणी मुलगी कट्टा निवडते. बाई वाईट नाहीत. चाळीस मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंना फ्रॉक बदलणं शक्य नसतं, मुलीला टोकणं शक्य असतं. पण या वयात धावणं, चढणं, लोंबकळणं यातून हाडं-स्नायू घडतात, तोल येतो, "मला जमतं" ही खात्री येते. तुमच्या लेकीचं ते रोज बुडतंय, आणि मला त्याचा राग येतो.

फ्रॉकच्या आत सायकलिंग शॉर्ट घालणं हा तात्पुरता उपाय आहे. जरूर करा, उद्यापासून करा. पण चैत्र-वैशाखात अंगावर एकावर एक दोन थर म्हणजे कमरेला आणि जांघेत घामोळं आलंच. खरा उपाय म्हणजे शाळेनं मुलींनाही अर्धी किंवा थ्री-फोर्थ पँट चालेल असं म्हणणं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं २०१८ पासून हेच सुरू केलं: मुलगा असो वा मुलगी, गुडघ्यापर्यंतची थ्री-फोर्थ पँट आणि शर्ट. कारण साधं होतं, स्कर्टमध्ये मुलींना खेळता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुशेरीच्या सरकारी शाळेत अकरावीच्या मुलींनी पँट-शर्ट घातले, तेव्हा काही संघटनांनी विरोधही केला. तिथं पूर्ण बाह्या किंवा डोक्यावर स्कार्फ हवा असेल त्या मुलींना तो घेता येत होता. मला ती बाजू महत्त्वाची वाटते. पँटची मोकळीक द्यायची ती जिला हवी तिला मिळावी म्हणून. दुसरीवर ती लादायला नको.

तुमची शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर तिथं शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे हा विषय तिथं मांडायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. खासगी शाळा असेल तर पालक-शिक्षक संघात मांडा. मागणी मोठी करू नका. "गणवेश बदला" म्हटलं की कापड, कंत्राट, खर्च यांच्या चर्चेत वर्ष जातं. "पीटीच्या दिवशी सगळ्यांना जी ट्रॅकपँट आहे, ती मुलींना रोज घालू द्या" एवढंच मागा. त्याला पैसा लागत नाही. आणखी चार आयांच्या सह्या घ्या. त्याच वर्गात अशा चार आया नक्की सापडतील.

खिशाचं काम याच आठवड्यात होण्यासारखं आहे. जुन्या सुती शर्टाचा किंवा उशीच्या अभ्र्याचा १४ बाय १७ सेंटिमीटरचा तुकडा कापा. तोंडाची बाजू दोन सेंटिमीटर दुमडून शिवा, बाकी तिन्ही बाजू एकेक सेंटिमीटर आत. तयार खिसा १२ बाय १४ चा होतो, सहा वर्षांच्या मुलीचा अख्खा पंजा त्यात जातो. जागा ठरवताना तिला सरळ उभी करा, हात सैल सोडायला सांगा. मनगट येतं तिथं खिशाचं तोंड. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट टीप मारून छोटा त्रिकोण करा, कारण सगळा भार तिथं येतो. फ्रॉकचं कापड पातळ असेल तर त्या दोन कोपऱ्यांच्या मागं बोटाएवढे कापडाचे तुकडे लावा, नाहीतर चिंचोक्यांच्या वजनानं फ्रॉकच फाटेल. लेगिंगला खिसा लावू नका, तो लोंबतो आणि लेगिंग खाली ओढतो. वरच्या कुर्त्याला किंवा फ्रॉकला लावा. मशीन नसेल तर गल्लीतला टेलर हातासरशी करून देईल. खिशाचा रंग आणि कापड तिला निवडू द्या. धुण्याआधी खिसे उलटे करून रिकामे करायचं कामही तिच्याकडेच.

नवे कपडे घ्याल तेव्हा दुकानात पाटी बघू नका, मूल सोबत न्या. कपडा घालून त्याला उकिडवं बसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, मांडी घालायला सांगा. उकिडवं बसल्यावर मागची कंबर खाली सरकली किंवा हात वर केल्यावर पोट दिसलं तर तो कपडा ठेवून द्या. मग म्हणा, आता तुझा तू काढ. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४९ ते ५० सेंटिमीटर असतो. गळा ताणून त्याहून मोठा होत नसेल तर रोज सकाळी कान ओढले जाणार आणि रडारड होणार. खांद्यावर दोन टिचबटणं असतील तर उत्तम. कपडा उलटा करून आतून हात फिरवा. शिवणीची टोकं टोचतात का, मानेमागचं लेबल खरखरीत आहे का, भरतकामाच्या मागं कडक कागद राहिलाय का, हे बाहेरून कधीच दिसत नाही.

मुलं वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर वाढतात, म्हणून आपल्याकडे "वाढत्या अंगाचे" कपडे घ्यायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण लांबीपुरती. पँटच्या पायाला चार सेंटिमीटर जास्तीची दुमड ठेवा आणि दर वर्षी उसवत जा. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, ठेवा. खांदा आणि गळा मात्र आजच्या मापाचाच हवा, कारण खांद्यावरून घसरणारा कपडा मूल दिवसभर सावरत बसतं. कापड धुवूनच मग उंची कमी करा.

त्या अठराशेच्या जोडाबद्दल: घेऊ नका. अशा दुकानांचे फोटो मी पाहिलेत. बहुतेक कपडे मातकट, राखाडी नाहीतर फिक्या बिस्किटी रंगाचे असतात. आमरस, हळदीची भाजी आणि लाल माती यांच्यासमोर ते किती टिकणार? (हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो तेव्हा घाबरू नका. धुवून कडक उन्हात वाळत घाला, उन्हानं हळद उडते.) त्याच पैशात मुलीला मुलांच्या विभागातल्या अर्ध्या पँटी आणि टी-शर्ट घ्या, कापड जाड आणि खिसे तयार मिळतील. मुलाला मुलींच्या विभागातले फुलांचे, फुलपाखरांचे रंगीत शर्ट घ्या. इचलकरंजी तुमच्यापासून फार लांब नाही. तिथलं सुती पॉपलीन मीटरवर घेतलंत तर एका मीटरात धाकट्याच्या दोन अर्ध्या पँटी सहज निघतात. जीन्स मात्र दोघांनाही रोजसाठी नको. जुलैत ती दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर जीन्सनं मांड्या सोलवटतात.

ब्रिटनमधल्या जॉन लुइस या दुकानांनी २०१७ मध्ये आपल्या स्वतःच्या ब्रँडच्या लहान मुलांच्या कपड्यांवरची "मुलगे" आणि "मुली" अशी वेगवेगळी लेबलं काढून दोघांचं एकच केलं. फ्रॉक, फुलं, रंग काही काढलं नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं. "सर्वांसाठी" म्हणजे मुलीलाही मुलाचे कपडे, एवढाच अर्थ उरला तर घेर, झालर, गुलाबी रंग या गोष्टी कमी दर्जाच्या आहेत असं आपण दोन्ही मुलांना शिकवतो. तुमच्या लेकीला झालरीचा फ्रॉक आवडत असेल तर तो तिच्याकडे हवाच. त्याला खिसा असावा आणि तो घालून तिला झाडावर चढता यावं.

त्या दोन पिशव्यांतून काही कपडे मात्र खरंच बाजूला काढा. टिकल्या-मोती लावलेले कपडे तीन वर्षांच्या मुलाला नकोत, तो उपटून तोंडात घालेल. गळ्याशी किंवा टोपीला ओढायची नाडी असलेलेही नकोत. युरोपात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना मानेपाशी नाडी लावायलाच मनाई आहे, कारण ती घसरगुंडीच्या फटीत किंवा झोक्यात अडकली की गळ्याला फास बसतो. नाडी ओढून काढा आणि नेफ्यात इलॅस्टिक घाला, कपडा वाचेल.

लग्नासाठी मुलीला खणाचं परकर-पोलकं शिवा. आतून सुती अस्तर, परकराच्या बाजूच्या शिवणीत खिसा, आणि लांबी घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे मांडवाच्या पायऱ्यांवर पाय अडकणार नाही. तिला बाजारातला लेहेंगाच हवा असेल तर तोही घ्या, तिच्या काकाचं लग्न आहे. फक्त आतली फुगवणारी कॅनकॅनची जाळी टेलरकडून काढून घ्या. जाळी बहुतेक नायलॉनची असते. होमाची, निरांजनाची ज्योत लागली तर ती वितळून कातडीला चिकटते, सुती कापडासारखी झटकता येत नाही. काखेत आणि कमरेत टिकल्या येत असतील तर तेवढ्या उसवा. धाकट्याला सुती कुडता-पायजमा, पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. त्याच खणाच्या उरलेल्या कापडाची पट्टी त्याच्या कुडत्याच्या गळ्याला लावलीत तर ताईसारखं घातल्याचा त्याला आनंद होईल, आणि सासूबाईंनाही दोन्ही नातवंडं जोडीनं शोभलेली आवडतील. ती पट्टी शिवायचं काम त्यांच्याकडेच द्या. फोटो झाले, अक्षता पडल्या की दोघांना रोजचे कपडे घाला. ते पिशवीत आधीच भरून न्या, पंगतीच्या आधी लागतील.

शाळेला पत्र कधी देताय ते लिहा, आणि उत्तर काय आलं तेही. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी करून पाठवते.